दीड मीटरची नळी

स्वयंपाकाच्या गॅसला वास नसतो. हे वाक्य मी जिथे जिथे बोललो, तिथे ऐकणाऱ्याने माझ्याकडे जरा संशयानेच पाहिले आहे. कारण तो वास कुणाला ठाऊक नाही? सडक्या कांद्याचा म्हणा, नासक्या कोबीचा म्हणा, घरात शिरताच नाक मुरडायला लावणारा तो वास लहान पोरही ओळखते. पण टाकीत भरलेला असतो तो प्रोपेन आणि ब्यूटेन, आणि या दोघांनाही ना रंग ना म्हणण्यासारखा वास. वास मागाहून मिसळलेला असतो. इथिल मरकॅप्टन नावाचे गंधकाचे एक द्रव्य त्यात अगदी थेंबाथेंबाने घालतात. हिशेब असा ठेवतात, की आग लागेल इतका गॅस हवेत मिसळण्याच्या कितीतरी आधी, साधारण त्याच्या पाचव्या हिश्श्यालाच माणसाच्या नाकाला खबर लागावी.

ही सक्ती सहजासहजी आलेली नाही. अमेरिकेत टेक्सास राज्यात न्यू लंडन नावाचे गाव आहे. आजूबाजूला तेलाच्या विहिरी, त्यामुळे गाव सधन आणि शाळाही मोठी देखणी. त्या शाळेने गॅसच्या बिलात बचत व्हावी म्हणून पैसे भरून घेतलेला गॅस बंद केला आणि तेलविहिरींमधून फुकट वाया जाणाऱ्या गॅसच्या नळाला आपला जोड देऊन घेतला. त्या भागात असे जोड अनेक घरांनी घेतले होते, कुणाला त्यात वावगे वाटत नव्हते. १८ मार्च १९३७ रोजी दुपारी, शाळा सुटायला थोडा वेळ असताना, जमिनीखालच्या पोकळीत साठलेल्या गॅसने पेट घेतला. सुतारकामाच्या वर्गात एका विजेच्या यंत्राचे बटण दाबल्याचे निमित्त झाले. जवळपास तीनशे माणसे गेली आणि त्यातली बहुतेक मुले होती. गॅस किती वेळ गळत होता हे कुणालाच कळले नव्हते, कारण त्याला वास नव्हता. त्यानंतर काही आठवड्यांतच त्या राज्याने गॅसमध्ये वास मिसळणे कायद्याने बंधनकारक केले आणि ती रीत पुढे सर्वत्र गेली.

मी बी.ए. झालेला माणूस. कवितेच्या निमित्ताने गंध हा शब्द आयुष्यभर इतका वापरला, की आता तो उच्चारायचीही लाज वाटते. मोगऱ्याचा गंध, पहिल्या पावसाचा गंध वगैरे. पण माणसाचा जीव वाचावा एवढ्याच हेतूने मुद्दाम तयार केलेली दुर्गंधी, ही कल्पना मला कोणत्याही मोगऱ्यापेक्षा मोठी वाटते. ती मला कळली ती मात्र पुस्तकातून नव्हे, आमच्या आपाच्या घरी काढलेल्या एका शनिवार-रविवारमुळे.

आपा म्हणजे माझी थोरली बहीण. जुन्या नाशकात, दूध बाजार आणि चौक मंडईच्या मधल्या गल्ल्यांत, एका वाड्याच्या वाटणीत आलेल्या तीन खोल्यांत राहते. वय चौसष्ट. नाशिकची थंडी बाहेरच्यांना द्राक्षांच्या निमित्ताने माहीत असते. निफाडचा पारा पाच अंशांखाली गेला, बागांत शेकोट्या पेटल्या, अशी बातमी दर हिवाळ्यात येते. वाड्याच्या दगडी न्हाणीत पहाटे वजूसाठी हात पाण्यात घातला की ती बातमी वाचायची गरज राहत नाही. रमजान जवळ आला होता. आपाला गरम पाणी हवे होते आणि तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, त्यावर तोडगाही काढला होता.

भाचा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत फिटर आहे. हात सोन्याचा. दिवसभर हवेच्या दाबाच्या नळ्या जोडणारा माणूस. घरातल्या गॅसच्या नळीचे त्याला काय अप्रूप! त्याचा बेत असा होता : न्हाणीत गॅसचा गिझर बसवायचा, स्वयंपाकघरातल्या टाकीच्या नळीत मध्येच पितळी टी टाकायचा, आणि त्या टीपासून पाच मीटर रबरी नळी भिंतीच्या कडेने न्हाणीपर्यंत न्यायची. "मामू, दोन दिवसांचं काम आहे. शनिवारी भोक, रविवारी जोड. एजन्सीवाल्याला कशाला बोलवायचं?" टी त्याने आणूनही ठेवला होता. मला बोलावले होते ते टाकी धरायला आणि चहा प्यायला.

त्याच्या हाताबद्दल मला शंका नव्हती आणि आजही नाही. मी एवढेच म्हटले, की शनिवारी सकाळी आधी एजन्सीत जाऊन विचारू, मग भोक पाडू. तिथे काउंटरवर गर्दी होती, पण मागच्या बाजूला एक जुना मेकॅनिक बसलेला सापडला. त्याने आमचा बेत शांतपणे ऐकून घेतला आणि पुढचा अर्धा-पाऊण तास जे सांगितले, त्यातले बरेचसे या लेखात आहे. बाकीचे मी नंतर वाचून पडताळून घेतले.

पहिली गोष्ट दाबाची. टाकीत गॅस वायुरूपात नसतोच. तो दाबाखाली द्रव होऊन बसलेला असतो, म्हणून तर १४.२ किलो गॅस कमरेपर्यंतही न पोहोचणाऱ्या भांड्यात मावतो. एक लिटर द्रवाचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. टाकीतला दाब उन्हाळ्या-हिवाळ्याप्रमाणे बदलतो, पण साधारण पाच-सात किलो प्रति चौरस सेंटिमीटर धरायला हरकत नाही. मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुप्पट-तिप्पट. हा दाब थेट शेगडीत आला तर ज्योत नव्हे, मशाल पेटेल. त्याला वेसण घालतो तो रेग्युलेटर. त्याच्या पोटात एक पातळ पडदा आणि एक स्प्रिंग असते, आणि ही जोडी तो दाब इतका उतरवते की नळीत उरतो फक्त फूटभर पाण्याच्या उंचीएवढा. शाळेतली फूटपट्टी उभी धरा, तेवढ्या उंचीच्या पाण्याचा जो भार, तेवढाच. रेग्युलेटरवर एक बारीक भोक असते, ते त्या पडद्याला श्वास घ्यायला. घराला रंग देताना काही लोक हौसेने रेग्युलेटरही रंगवून काढतात आणि ते भोक बुजवतात. बिघडलेला रेग्युलेटर एजन्सी बदलून देते. तो घरी उघडून बघण्याची वस्तू नाही.

नळीतला दाब एवढा नाजूक असेल, तर मग पाच मीटर नळी ओढली तर काय बिघडले? भाच्याने हाच प्रश्न केला आणि प्रश्न रास्त होता. मेकॅनिक म्हणाला, दाबाची भीती नाही, जोडांची आहे. आतून पोलादी तारेची वीण असलेली ती नारिंगी सुरक्षा नळी सव्वा आणि दीड मीटर अशा लांबीत मिळते, ती याच कारणाने. दीड मीटर नळी पूर्ण डोळ्यांसमोर राहते. तिला दोनच टोके. एक रेग्युलेटरवर, एक शेगडीवर. टी टाकला की दोनाची सहा टोके होतात, नळी कपाटामागे, पलंगामागे, भिंतीतून जाते, आणि उंदराने कुठे दात लावला, ऊन कुठे लागले, हे दिसत नाही. लांब अंतरावर गॅस न्यायचाच असेल तर तांब्याची किंवा लोखंडी पक्की नळी, भिंतीवर उघडी, प्रत्येक फाट्याला स्वतंत्र कॉक, आणि जोडल्यावर दाब भरून तपासणी. हे काम कंपनीने मान्य केलेल्या माणसाचे. रबराच्या नळीत टी हा प्रकार त्यांच्या वहीत बसतच नाही.

यात एक व्यवहाराची गोष्टही आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. तेल कंपन्यांनी गॅसग्राहकांसाठी अपघाताचा विमा घेतलेला असतो आणि त्याचा हप्ता आपल्याला भरावा लागत नाही. गॅसच्या अपघातात मृत्यू झाला तर माणशी ६ लाख रुपयांची तरतूद त्यात आहे. पण अपघात नोंदलेल्या पत्त्यावर झालेला हवा, आणि नळी, शेगडी, रेग्युलेटर प्रमाणित हवेत. बाजारातला पितळी टी आला की वादाला तोंड फुटले. वितरकाने दर पाच वर्षांनी घरी येऊन जोडणी तपासायची असते. तो तपासनीस दारात आला की आपण "सगळं ठीक आहे हो" म्हणून त्याला दारातूनच वाटेला लावतो.

आता लंडनचे सांगतो. म्हणजे खऱ्याखुऱ्या लंडनचे. तिथे पूर्व भागात रोनन पॉइंट नावाची बावीस मजली नवीकोरी इमारत होती. १६ मे १९६८ च्या पहाटे, पावणेसहाच्या सुमाराला, अठराव्या मजल्यावर कोपऱ्याच्या घरातल्या बाईंनी चहासाठी काडी ओढली. स्फोट तसा फार मोठा नव्हता. त्या बाई स्वतः वाचल्या. पण भिंती बाहेर ढकलल्या गेल्या, वरचे मजले आधार नसल्याने खाली आले, त्यांच्या भाराने खालचे, आणि इमारतीचा एक अख्खा कोपरा पत्त्यांच्या बंगल्यासारखा उतरला. चार माणसे मेली. चौकशी झाली. इमारतीच्या बांधणीत दोष निघाले आणि ब्रिटनचे बांधकामाचे नियमच त्यानंतर बदलले. पण गॅस गळला कुठून? शेगडीला नळी जोडणारा एक पितळी नट कमअस्सल होता, तो तडकला होता. शेगडी बसवून दिली होती बाईंच्या ओळखीच्या माणसाने. मदत म्हणून.

हे मी भाच्याला सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने खिशातला टी काढून खिडकीच्या उजेडात धरला, आतले आटे बघितले आणि म्हणाला, "ओतकाम चांगलं नाही, मामू. कारखान्यात हा मी घेतला नसता." फिटर माणूस स्वतःशी खोटे बोलत नाही. माझा त्याच्यावरचा विश्वास त्या एका वाक्याने वाढला.

म्हणजे गिझरची लाइन बारगळली. पण सुट्टी काढलेली, अवजारे काढलेली, आणि आपाच्या स्वयंपाकघरात घरच्या माणसाने करण्यासारखे काम भरपूर निघाले. उरलेला शनिवार आणि सगळा रविवार त्यातच गेला.

ते समजायला गॅसचा स्वभाव समजायला हवा. टाकीतला गॅस हवेपेक्षा जड असतो, दीडपट ते दुप्पट. तो वर जात नाही, पाण्यासारखा खाली उतरतो, फरशीवर पसरतो, उतार शोधतो. आपले सगळे बंदोबस्त मात्र वरचे. झरोका वर, एक्झॉस्ट पंखा वर. गळलेला गॅस ओट्याखाली बसून राहतो आणि वरचा पंखा स्वच्छ हवा बाहेर फेकत राहतो. शिवाय पंख्याचे बटण दाबताना ठिणगी पडते ती वेगळीच. फ्रिजचा कॉम्प्रेसर मागे अगदी तळाशी असतो आणि तो चालू-बंद होताना त्याच्याजवळच्या रिलेत ठिणगी पडू शकते. म्हणजे नेमकी जिथे गॅस साचतो तिथेच. आपाच्या घरी टाकी आणि फ्रिज शेजारी शेजारी उभे होते. नाशकातल्या निम्म्या घरांत असतील.

किती गॅस गळला म्हणजे धोका? मी कागदावर मांडून पाहिले. हवेत या गॅसचे प्रमाण साधारण २ टक्क्यांपासून ९ टक्क्यांपर्यंत असेल तेव्हा तो पेट घेतो. त्याहून कमी असेल तर पेटत नाही, जास्त असेल तरी पेटत नाही. दहा फूट बाय आठ फुटांचे, दहा फूट उंचीचे स्वयंपाकघर घ्या. आठशे घनफूट हवा. तिचे दोन टक्के म्हणजे सोळा घनफूट गॅस, आणि त्याचे वजन भरते जेमतेम एक किलो. भरल्या टाकीचा चौदावा भाग. हाही हिशेब गॅस खोलीभर सारखा पसरला असे धरून. तो तर खालीच साचतो, म्हणजे फरशीलगत धोका व्हायला त्याहून किती तरी कमी पुरतो. रात्रभर हळूहळू गळालेला गॅस, बंद खिडक्या, आणि सहेरीला चार वाजता अर्धवट झोपेत उठून दिव्याच्या बटणाकडे गेलेला हात. दिवाळीच्या पहाटे हीच वेळ शेजारच्या घरात असते.

आपाच्या स्वयंपाकघरात दोन वर्षांपूर्वी ओट्याखाली लाकडी कपाटे करून घेतली होती. दिसायला छान. टाकी त्यातल्या एका बंद कप्प्यात, दार चपखल बसणारे, कुठे फट नाही. सुताराच्या कौशल्याची ही अशी शिक्षा. भाच्याने आधी टाकी बाहेर गॅलरीत नेऊन ठेवली, कारण ड्रिलच्या मोटारीत ठिणग्या असतात आणि टाकी शेजारी ठेवून ड्रिल चालवणे म्हणजे सापाला उशाशी घेण्यासारखे. मग दाराच्या अगदी तळाला, फरशीपासून बोटभर उंचीवर, ओळीने भोके पाडली आणि तशीच वरच्या बाजूला. खालच्या भोकांतून गॅस बाहेर पडावा, वरच्यांतून हवा आत यावी. आपाने विचारले, "झुरळं जातील ना आत?" भाच्याने आतून जाळी ठोकली.

कोपऱ्यात मोरी होती. जुन्या वाड्यांच्या स्वयंपाकघरात असतेच. मोरीचे तोंड थेट मागच्या गटारीत. उतार शोधणारा गॅस मोरीत उतरतो, गटारीतून पुढच्या घरात निघतो आणि तिथल्या माणसाला वाटते की आपल्याकडेच काहीतरी गळते आहे. टाकीची जागा म्हणूनच मोरीपासून लांब हवी. आम्ही टाकीचा कप्पा बदलून दुसऱ्या टोकाला नेला, फ्रिज बाहेरच्या खोलीत हलवला, आणि मोरीला पाण्याची जाळी बसवली. तिच्यात पाणी उभे राहते आणि वायूची वाट अडते. एवढ्यात दुपारची अजान झाली आणि आपाने जेवायला वाढले. जेवण स्टोव्हवर केलेले होते. तो जुना रॉकेलचा स्टोव्ह माळ्यावरून काढताना आपा इतकी खूश दिसली, की आम्ही हे सगळे काम तिला तो स्टोव्ह परत बघायला मिळावा म्हणूनच काढले की काय असे मला वाटून गेले.

रविवारचा दिवस साबणाचा. नवी सुरक्षा नळी एजन्सीतूनच आणली. नळीवर साल छापलेले असते. पाच वर्षे झाली की ती दिसायला कितीही धड असली तरी बदलायची. आपाच्या जुन्या नळीवरचे साल वाचता येत नव्हते, यातच काय ते आले. नळी टोकापर्यंत सरकवून बसवायची, वर कापड किंवा प्लास्टिक गुंडाळायचे नाही, शेगडीच्या खालून न्यायची नाही. बसवल्यावर वाटीभर पाण्यात कपड्यांची पावडर फेसाळून, जुन्या दाढीच्या ब्रशने प्रत्येक जोडाला लावायची. रेग्युलेटर सुरू, शेगडीची बटणे बंद. मिनिटभर बघत राहायचे. फेस फुगत असेल, एकामागून एक बुडबुडे धरत असेल, तर तिथे गळती. काडी ओढून बघणारे अजून आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो, काडी नाही. आम्हाला रेग्युलेटरचा जोड कोरडा मिळाला, नळीची दोन्ही टोके कोरडी मिळाली, पण शेगडीच्या डाव्या बटणाच्या दांड्यापाशी बुडबुडे आले. बारीक, मोहरीएवढे, पण थांबेनात. बटणातले वंगण सुकले की असे होते. आपा म्हणाली, "मला वाटायचंच, सकाळी थोडा वास येतो म्हणून. म्हटलं मोरीचा असेल." शेगडी बंद करून, रेग्युलेटर काढून, तिला दुरुस्तीला दिली. त्या नाकाला आपण किती वेळा असे गप्प बसवतो.

टाकी घेतानाही दोन मिनिटे मोडावीत. पोहोचवणारा माणूस सील काढून तोंडात पाणी ओततो आणि बुडबुडे येतात का बघतो. त्याने बघितले नाही तर आपण बघायला सांगावे. तोंडात एक छोटी रबरी चकती असते, तीच सगळा भार पेलते. ती फाटलेली असेल तर टाकी परत. दोरीने बांधलेले ते पांढरे टोपण मुले खेळायला नेतात, ते जपून ठेवावे. कधी तोंडातूनच गॅस सुटला तर रेग्युलेटर काढून ते टोपण दाबून बसवले की गळती थांबते. टाकीच्या वरच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचे वजन रंगवलेले असते. त्यात १४.२ मिळवले की भरलेल्या टाकीचे वजन यायला हवे. त्याच भागात एक अक्षर आणि दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी, सी, डी पुढचे तीन-तीन महिने, आणि आकडे सालाचे. लोक त्याला गॅसची मुदत समजतात. गॅसला मुदत नसते. ती भांड्याची पुढची तपासणी करण्याची तारीख असते.

थंडीत गॅस मंद का जळतो, हेही त्या मेकॅनिकनेच सांगितले. द्रवाचा वायू होताना तो टाकीची उष्णता ओढून घेतो. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास उकळायचा थांबतो, प्रोपेन मात्र उणे ४२ पर्यंत उकळत राहतो. म्हणून थंडीत, टाकी संपत आली की ज्योत मलूल होते. काही जण टाकी उकळत्या पाण्याच्या घमेल्यात उभी करतात. काही तर आडवी करून शेगडीला जोडतात, म्हणजे द्रवच नळीत येतो आणि ज्योतीचा भडका उडतो. थंडीतली मंद ज्योत हा दोष नव्हे, ऋतू आहे. थोडा उशीर चालवून घ्यावा.

आता त्या गिझरकडे वळतो, कारण त्यातली खरी मेख नळीत नव्हतीच. गॅसचा गिझर म्हणजे शेगडीच्या पाच-सहा बर्नर एकत्र पेटवल्यासारखा. तासाला किलोच्या आसपास गॅस जाळणारा. एक किलो गॅस जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. आपाची न्हाणी चार फूट बाय सहा फूट, वर आठ फुटांवर माळा. दार लावून दहा मिनिटे गिझर चालला तर त्या न्हाणीतल्या एकूण हवेचा साधारण तिसरा हिस्सा ज्योतच पिऊन टाकते. प्राणवायू कमी पडला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. याला वास नाही, आणि याच्यात कुणी वास मिसळूही शकत नाही, कारण तो तिथल्या तिथे जन्मतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. माणसाला गुदमरल्यासारखेही वाटत नाही. डोके जड होते, पाय गळतात, आणि कडी आतून लावलेली असते. महाराष्ट्रात हिवाळ्यात न्हाणीघरातल्या मृत्यूच्या अशा बातम्या वारंवार येतात आणि त्यात तरुण माणसे असतात. गॅस गिझर बसवायचाच तर न्हाणीच्या बाहेर, उघड्या हवेत बसवावा आणि आत फक्त पाण्याची नळी न्यावी. भाच्याने जोड कितीही निर्दोष केला असता तरी हा धोका तसाच राहिला असता.

आपल्याकडे नळाने गॅस ही गोष्ट तशी नवी नाही. मुंबईत १८६५ मध्ये रस्त्यावरचे दिवे कोळशापासून काढलेल्या गॅसवर लागले होते आणि पुढे तो गॅस काही घरांच्या चुलीपर्यंतही गेला. टाकीतला गॅस मुंबईत बर्मा शेलने १९५५ मध्ये आणला. नाशिक जिल्ह्यात आज आपल्या टाक्या येतात त्या बऱ्याचशा मनमाडजवळच्या पानेवाडीतून. २०२४ च्या जानेवारीत ट्रकचालकांनी संप केला, पानेवाडीची चाके थांबली आणि शहराला दोन दिवसांत घाम फुटला. आता शहराच्या काही भागांत महाराष्ट्र नॅचरल गॅसच्या नळाने घरोघर गॅस पोहोचतो आहे. तो वेगळा. तो मिथेन, हवेपेक्षा हलका, छताकडे जाणारा. त्याच्यासाठी झरोका वरच हवा. त्याची ताकदही घनफळाला टाकीतल्या गॅसच्या निम्म्याहून कमी, म्हणून शेगडीचे जेट मोठ्या भोकाचे लागतात. जुन्या जेटवर तो मिणमिणतो. आणि इथे घरगुती कारागीर पुन्हा सरसावतो, जेट सुईने मोठे करायला. जेटचे भोक मिलिमीटरच्या अंशात मोजलेले असते आणि पितळ मऊ असते. सुई घातली की ते गोल राहत नाही, ज्योत पिवळी होते, भांडी काळी होतात. कंपनीचा माणूस जोडणी देताना जेट बदलून देतो, त्याच्याकडून घ्यावेत.

आणि कधी घरात तो वास आलाच तर क्रम सोपा आहे. बटण दाबायचे नाही, ना चालू ना बंद. फोन घरात वापरायचा नाही. शेगडी आणि देवघरातला दिवा किंवा उदबत्ती, जे पेटलेले असेल ते विझवायचे, रेग्युलेटर बंद करायचा, दारे-खिडक्या उघडायच्या, माणसांना बाहेर काढायचे आणि बाहेर येऊन १९०६ हा क्रमांक फिरवायचा. तो दिवसरात्र चालू असतो. फरशीवरची हवा झाडूने किंवा ओल्या फडक्याने दाराकडे लोटली तरी फरक पडतो, असे मेकॅनिक म्हणाला होता.

सोमवारी भाच्याने रजा टाकली आणि पंधरा लिटरचा विजेचा गिझर आणून न्हाणीत बसवला. अर्थिंग आधी तपासले, ते त्याने स्वतःच, आणि नीट नव्हते म्हणून वायरमनला बोलावले. शेगडी बुधवारी परत आली. आपाने त्या चार दिवसांत रॉकेलच्या स्टोव्हवर जो खिमा केला, तसा गॅसवर होत नाही असे तिचे म्हणणे आहे आणि ते खरेही आहे. पितळी टी गच्चीवर कुंड्यांना पाणी देण्याच्या नळीत बसवला आहे. तिथेही तो थोडा गळतो.